विसरलेली फळी

माझी तीन वर्षं एका तणाने खाल्ली. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू दे. गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते. वीतभर उंची, चमच्यासारखी पानं, सकाळी दहाला उमलून दुपारी मिटणारं तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. भातात दिसलं की उपटून बांधावर फेकायचं, एवढीच त्याची लायकी. आमच्याकडे त्याला निलाजरी म्हणतात, कारण कितीही उपटा, पुढच्या हंगामात ती हजर. बाबांनी ती चाळीस वर्षं उपटली. आई होती तोवर तिने उपटली. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून मीही उपटली, आणि तेव्हाच ठरवलं होतं की मोठी झाले की जिथे पाय कोरडे राहतील तिथेच राहीन.

राहतही होते. शहरात कपड्यांच्या एका कारखान्यात मी कटिंग मास्तर होते. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी नमुना ठेवायचा आणि यंत्राच्या पात्याने एका दमात कापायचं. हात हलला तर चाळीस सदऱ्यांची बाही एकदम वाकडी. माझा हात कधी हलला नाही. मग बाबा बांधावरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दादा म्हणाला, "तू फक्त एक हंगाम बघ, पुढचं मी काहीतरी करतो." माझा भाऊ सज्जन आहे, पण त्याचं 'काहीतरी' अजून चालूच आहे.

खुबा जुळला, पण बाबांना चिखलात पाय टाकता येईना. बांधावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीशेजारी काठी, डोक्यावर छत्री, आणि तिथून माझ्यावर हुकूम: डावीकडे राहिलं, तिकडे पाणी जास्त झालं, रोप इतकं खोल नको खुपसूस. मी कमरेत वाकून ऐकायची आणि मनातल्या मनात उत्तरं द्यायची. त्यांच्याकडे स्वतःचं असं एकच काम उरलं होतं, फळीचं. शेताच्या खालच्या टोकाला बांधात सिमेंटची एक अरुंद मोरी आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत वरून एक लाकडी फळी सरकवायची. फळी टाकली की पाणी शेतात राहतं, काढली की ओढ्यात जातं. पाणी जास्त असेल तर बाबा सकाळी फळी काढून बांधावरच्या गवतात ठेवायचे आणि संध्याकाळी परत टाकायचे. टाकली की काठीने वरून दोनदा ठोकायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "टाकली." कुणाला सांगायचे, देव जाणे.

पहिल्या हंगामाच्या शेवटी मोजणीबाई आल्या. पाणथळ जागांच्या कार्यालयातल्या वनस्पतींच्या जाणकार. मोजणीबाई हे नाव त्यांना आम्ही मागून ठेवलं. खांद्याला पिशवी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बांधाबांधाने चालत आल्या, आमच्या शेतातल्या खोलगट कोपऱ्यापाशी थांबल्या आणि धपकन चिखलात गुडघ्यांवर बसल्या. मला वाटलं बाईंना चक्कर आली. मी पाण्याची बाटली घेऊन धावले, तर बाई निलाजरीच्या पानावरून बोट फिरवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती वर्षं शोधतेय मी हिला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं संपली."

बाबा खुर्चीतून ओरडले, "संपेल कशी? तण आहे ते! निलाजरी!"

मग बाईंनी खुर्चीशेजारी बांधावर बसून सगळं समजावलं. आजूबाजूच्या शेतांत तणनाशक फवारतात, तिथली ती केव्हाच मेली. ज्यांनी शेती सोडली त्यांच्या जमिनीत दोन वर्षांत लव्हाळा माजला आणि त्याच्या सावलीत तीही मेली. बाबांनी मात्र एकदा फवारणी करून आठ दिवस उलट्या काढल्या होत्या, तेव्हापासून औषधाच्या बाटलीला हात लावला नव्हता. आमच्याकडे दरवर्षी चिखल ढवळला जायचा, लव्हाळा निघायचा, आणि हाताने उपटलेल्या निलाजरीचं काही ना काही मागे राहायचं.

"म्हणजे मी उपटत होतो म्हणून ती जगली?" बाबांनी विचारलं.

"अगदी तसंच."

बाबा इतके खूश झाले की दादाच्या लग्नातही मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. खुबा मोडल्यापासून ते स्वतःला मोडीत काढून बसले होते, आणि आता कुणीतरी त्यांचं बोलणं वहीत उतरवून घेत होतं. पुढच्या महिन्यात बाई पाच वर्षांचा करार घेऊन आल्या. शेत आहे तसंच कसायचं, फवारायचं नाही, खोलगट कोपऱ्यात तळहाताइतकं पाणी ठेवायचं, आणि निंदणी फक्त हे रोप ओळखणाऱ्याने हातानेच करायची. बाबांनी सही केली. 'कसणारी व्यक्ती' अशी एक ओळ होती, तिथे त्यांनी माझं नाव घातलं.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"अगं, तात्पुरतं आहे. कुणाचं तरी घालावंच लागतं."

मी तो करार दोनदा वाचला. नमुन्यातली रेघ न रेघ वाचायची मला सवय. कलम नऊमध्ये लिहिलं होतं, लागोपाठ दोन मोजण्यांत एकही रोप आढळलं नाही तर करार आपोआप संपेल. तेव्हा मी ते फक्त वाचलं. लक्षात मात्र राहिलं.

तिसऱ्या हंगामात रोपं लावून झाली आणि माझ्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही कारखान्यात एकाच टेबलावर उभ्या असायचो. तिने बाजारात गाळा घेतला होता, पडदे आणि कपडे शिवायचं दुकान. "तुझ्यासाठी कटिंगचं टेबल लावलंय," ती म्हणाली. "खिडकीपाशी. पण भात निघेपर्यंतच थांबेन हं. त्यानंतर मला दुसरी कुणी बघावी लागेल. राग मानू नकोस."

मी राग मानला नाही. मी बाबांकडे गेले आणि स्पष्ट विचारलं, की हे किती दिवस चालायचं.

"निलाजरी आहे तोवर माझ्याने हे सोडवणार नाही," बाबा म्हणाले. ते खोटं कधी बोलत नाहीत, तीच तर पंचाईत. "ती संपली तर संपली. शेत शेजाऱ्याला कसायला देईन, दादाकडे जाऊन राहीन, तू मोकळी. पण ती आहे तोवर नाही, बाळ. सगळीकडची गेली आणि आपल्याकडे राहिली, तिला मी कसं टाकू?"

हे त्यांनी माझ्यासमोर बोलायला नको होतं. कोपऱ्यात चौसष्ट रोपं होती. प्रत्येकाशेजारी बाईंनी आकडा लिहिलेली काडी रोवली होती. भल्या पहाटे उठून मी त्यांच्यासाठी कंबर मोडायची, त्यांच्या मुळांना धक्का न लावता लव्हाळा उपटायची, आणि वर बांधावरून ऐकायची, "जपून! एकोणचाळीस नंबर!" मला माझ्या वयाच्या पस्तिसाव्या वर्षी चौसष्ट सवती होत्या. उपटल्या असत्या तर काड्यांवरून लगेच कळलं असतं. पाणी गेलं तर तो अपघात ठरला असता.

संधी दादानेच आणून दिली. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दादाने शहरातल्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची तारीख घेतली. "आठ-दहा दिवस इकडेच राहा दोघं," तो म्हणाला. त्याच आठवड्यात पाटाची दुरुस्ती निघाली आणि तीन आठवडे पाणी येणार नाही असं कळलं. पावसानेही दडी मारली होती, म्हणजे शेतात होतं तेवढंच पाणी पुरवायचं होतं.

निघायच्या सकाळी बाबा काठी टेकत टेकत मोरीपर्यंत गेले. फळी खाचेत सरकवली, दोनदा ठोकली. "टाकली." मग आम्ही बस थांब्याच्या वाटेला लागलो. वळणावर मी म्हटलं, "अगं बाई, डोळ्याचे कागद राहिले! तुम्ही हळूहळू चला, मी आलेच."

कागद माझ्या पिशवीत होते. मी धावत गेले, फळी उपसली आणि बाबा ठेवतात तशीच गवतात आडवी ठेवली. पाण्याने एक क्षण विचार केल्यासारखं केलं आणि मग मोरीतून वाहायला लागलं. मी परत धावले. बस अजून यायची होती.

शस्त्रक्रिया चांगली झाली, पण चौथ्या दिवशी डोळा सुजला, औषधं बदलली, आणि दहाचे एकोणीस दिवस झाले. दादाच्या दोन खोल्यांत बाबा डोळ्यावर पट्टी बांधून सोफ्यावर पडून असायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला निलाजरीबद्दल सांगायचे. वहिनीने तर ती गोष्ट इतक्यांदा ऐकली की बाबा मध्येच थांबले तर पुढचं वाक्य तीच म्हणायची. एका दुपारी मी मैत्रिणीच्या दुकानात गेले. खिडकीपाशी टेबल खरंच होतं. तिने एका घराचे पडदे माझ्यापुढे टाकले आणि म्हणाली, काप. मी तीन तास उभी होते. कंबर दुखली नाही, नखांत माती नव्हती, आणि कुणी मागून ओरडत नव्हतं. संध्याकाळी मी दादाच्या घराच्या जिन्यात बसून थोडी रडले, पण ते आनंदाने.

परत आलो तेव्हा कोपऱ्यातली जमीन भेगाळली होती. हात जाईल एवढ्या भेगा. चौसष्ट काड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीशेजारी तपकिरी चिंधी पडली होती. भात पिवळा पडला होता, पण तग धरून होता. नव्या डोळ्याने बाबांना आता सगळं लख्ख दिसत होतं. त्यांनी मोरीकडे पाहिलं, गवतातल्या फळीकडे पाहिलं.

"मी फळी टाकली होती ना गं?"

मी पिशव्या खाली ठेवत होते. "मला काय माहीत? मी माझ्या गडबडीत होते."

"मी टाकली म्हणालो होतो. मला चांगलं आठवतंय, म्हणालो होतो."

"तुम्ही रोजच म्हणता, बाबा."

एवढंच बोलले मी. फळी काढायला जेवढा वेळ लागला त्याचा दहावा हिस्साही लागला नसेल. बाबा खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हो. रोजच म्हणतो. खरं आहे."

मोजणीबाई आल्या. त्यांच्याबद्दल मला राग यावा असं त्या कधी वागल्या नाहीत, त्या दिवशीही नाही. बाबांनी मान खाली घालून सांगितलं, "माझ्या हातून झालं. विसरलो." बाई त्यांच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "होतं हो काका, माणूस आहे." वहीत त्यांनी शून्य लिहिलं. "पुढच्या महिन्यात पुन्हा मोजावं लागेल. नियमच आहे तसा." मला नियम तोंडपाठ होता. एक शून्य झालं होतं, एक बाकी होतं. त्याच संध्याकाळी पाटाला पाणी आलं, मी फळी टाकून तळहाताएवढं पाणी भरलं, आणि मैत्रिणीला कळवलं की टेबल कुणाला देऊ नकोस.

पण घरात काहीतरी वेगळंच सुरू झालं. बाबांनी फळीला हात लावायचं सोडलं. "तूच टाक, माझा भरवसा नाही." मग गॅस. बटण बंद करायचे, चार पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा चाचपायचे आणि मग मला हाक मारायचे, "जरा बघ गं, बंद आहे ना?" बंदच असायचा. मग दाराची कडी. मग गोळ्या. घेतलेली गोळी घेतली नाही असं वाटून ते डबी उघडून मोजत बसायचे. एके दिवशी त्यांनी बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापले आणि मला म्हणाले, "यावर मोठ्या अक्षरांत लिहून दे. गॅस. कडी. गोळी. नळ." मी लिहून दिलं. त्यांनी ते दोऱ्याने जागोजागी टांगले. शेजारी गप्पा मारायला आला की बाबा आता ऐकत बसायचे, काही सांगायला लागायचे आणि अर्ध्यावर म्हणायचे, "नक्की असंच झालं होतं की नाही, देव जाणे." चाळीस वर्षांचं पाऊसपाणी तोंडपाठ असलेला माणूस तो.

मी सांगणार होते. रोज सकाळी चहा करताना ठरवायची की आज सांगू. मग वाटायचं, दुसरं शून्य होऊ दे, बाबा दादाकडे जाऊ देत, तिथे सांगू. मी स्वतःलाच म्हणायची, थोडे दिवस.

मग दादाचा फोन आला. "बाबांनी मला काल तीनदा फोन केला," तो म्हणाला. "तीनदा तेच विचारलं, दुपारी फोन केला होता का म्हणून. हे कधीपासून?"

"त्यांना फक्त तसं वाटतंय. त्यांचं डोकं शाबूत आहे."

"अगं, फळी विसरले, शेत वाळवलं आणि म्हणे शाबूत! हे बघ, त्यांना इकडे राहायला येऊ दे असं मी म्हणालो होतो, पण ते धडधाकट होते तेव्हा. आम्ही दोघंही दिवसभर कामावर. अशा माणसाला मी चौथ्या मजल्यावर एकटं ठेवू? गॅस उघडा राहिला तर? तू आहेस ना तिथे, तोवर मला काळजी नाही. पुढे मी काहीतरी करतोच."

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. समोर पुठ्ठा लटकत होता: गॅस. अक्षर माझंच, ठसठशीत, लांबूनही वाचता यावं असं. शेतातून सुटायला मी जी फळी काढली तिने मला घरात कोंडलं होतं. कडी आतून लावली होती आणि तीही मीच.

दुसऱ्या मोजणीच्या चार दिवस आधी मी खत टाकायला कोपऱ्याकडे गेले आणि पाण्यात वाकून बघतच राहिले. सुईएवढी हिरवी टोकं. आधी वाटलं लव्हाळा. मग एक उपटून तळहातावर घेतलं. इवलासा चमचा. सगळ्या कोपऱ्यात तीच होती. कोपऱ्याच्या पलीकडे, भाताच्या ओळींमध्येही होती. बोट ठेवायला जागा नाही, इतकी. मी तिथेच उभी राहून शिवी हासडली. अशी शिवी मी कारखान्यात शिकले होते आणि घरी कधी वापरली नव्हती.

बाई आल्या तेव्हा मोजायला बसल्या, दोनशेपर्यंत गेल्या आणि वही मिटून हसायला लागल्या. "हिचं बी चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतं," त्या म्हणाल्या. "वाट बघत असतं, एकदा ऐन हंगामात जमीन वाळून तडकायची. तुम्ही पाणी कधी तुटू दिलंच नाही, म्हणून इतकी वर्षं मूठभरच येत होती. किती दिवस कोरडं होतं हे? नेमकं सांगा."

"एकोणीस," मी म्हणाले.

"काका, तुमच्या विसरण्याने जे झालं ते आम्हाला सुचलं नसतं!"

बाबा हसले, पण ते हसू ओठांच्या टोकाशीच थांबलं. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं: आता पूर्ण शेत करारात घेऊ, पाचाऐवजी दहा वर्षं, दरवर्षी ठरवून एकोणीस दिवस वाळवायचं. "आणि कसणाऱ्या म्हणून ताई आहेतच."

"मी विचार करून सांगते," मी म्हटलं.

"त्यात विचार कसला?" बाबा म्हणाले आणि लगेच माझ्याकडे वळले. "की आहे? मी आधी हो म्हणालोय का यांना? म्हणालो असेन तर सांग."

ते ऐकून माझ्याने राहवेना. बाईंना मी चहासुद्धा विचारला नाही. त्या गेल्या, बाबा घरात आले आणि टेबलापाशी बसून नवा पुठ्ठा कापायला लागले. भर दुपार होती. मी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि समोर बसले.

"बाबा, फळी तुम्ही टाकली होती."

त्यांनी वर पाहिलं.

"तुम्ही टाकली होती. मी काढली. कागद राहिले म्हणून परत गेले ना, ते कागद पिशवीतच होते. मी मोरीपाशी गेले, फळी उपसली आणि गवतात ठेवली. मला ती मारायची होती. ती मेली असती तर करार संपला असता, तुम्ही दादाकडे गेला असता आणि मी दुकानात. तुम्ही काहीही विसरला नाहीत. तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी खोटं बोलले तुमच्याशी." एवढं बोलेपर्यंत मी रडायला लागले होते. मला बघवत नव्हतं त्यांच्याकडे, तरी मी बघत राहिले.

बाबांनी माझा हात हातात घेतला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल पडला. मला वाटलं, सुटलो. दोघंही सुटलो.

"वेडी आहेस," ते म्हणाले. "माझ्यासाठी एवढं?"

"तुमच्यासाठी काय? मी खरं सांगतेय!"

"तुला माझे हाल बघवत नाहीत, कळतं मला. रोज पुठ्ठे लिहून देतेस ना." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "पण बाळ, मी म्हातारा झालोय, मूर्ख नाही झालो. मुळांना धक्का लागू नये म्हणून बोटाबोटाने निंदणी करतेस तू. तू मारशील तिला?"

"मला जायचं होतं, बाबा. मला अजूनही जायचंय."

"जायचं असतं तर तू तीन वर्षांपूर्वीच गेली असतीस," बाबा म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. "तुला कुणी बांधून ठेवलं होतं का?"

मी दुसऱ्या हातातली कात्री पुठ्ठ्यावर परत ठेवली.

त्यांनी फोन उचलला आणि दादाला लावला. नंबर पाठ होता, एकही आकडा चुकला नाही. "अरे ऐक, तुझ्या बहिणीची गंमत," ते सांगायला लागले. आवाज जुना, बांधावरचा, खणखणीत. "मला वाईट वाटू नये म्हणून म्हणते, फळी मीच काढली. कागद विसरल्याचं नाटक केलं म्हणे! काय रचून सांगितलंय, तू ऐकच. माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतेय पोरगी. अशी मुलगी कुणाला मिळते रे?" आणि ते हसले. पोट हलेपर्यंत हसले. शस्त्रक्रियेनंतर मी ते हसू पहिल्यांदाच ऐकत होते.

पलीकडे दादा हसला नाही. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन माझ्याकडे दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

मी फोन कानाला लावला. दादा मला लहानपणापासून ओळखतो. माझ्या किती चोऱ्या त्याने पकडल्या होत्या आणि किती त्याने स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या.

"खरं सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "तूच काढलीस का?"

बाबा समोर बसले होते. डोळे पुसत होते, हसून आलेलं पाणी. एका डोळ्यात नवी चमक होती, दुसरा अजून धुरकट, आणि दोन्ही माझ्यावर लागले होते. एका माणसाचा माझ्यावर विश्वास बसणार होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. मग दादा आला असता, भांडला असता, बाबांना पटवून दिलं असतं, घेऊन गेला असता. आणि बाबांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं, पण त्यांच्याकडे बघताना मला एवढंच दिसत होतं की त्या बदल्यात त्यांच्याकडून मुलगी काढून घ्यावी लागेल.

"नाही रे," मी म्हटलं. "त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले."

"नक्की?"

"नक्की."

दादाने श्वास सोडला, तो मला इकडे ऐकू आला. "बरं झालं," तो म्हणाला. "मी घाबरलोच होतो. मग आता तू आहेसच तिथे."

"हो," मी म्हटलं.